टोपलीतला मासा आणि चित्रातला मासा



दोन वर्षांपूर्वी वेसाव्याजवळच्या एका शाळेत चित्रकलेच्या स्पर्धेचा परीक्षक म्हणून जाण्याचा प्रसंग माझ्यावर आला. प्रसंग आला असे म्हणतो, कारण मी चित्रकार नव्हे. अंधेरीच्या बाजूला एका कॉलेजात मी मराठी शिकवतो. पण माणूस एकदा प्राध्यापक झाला की त्याला सगळ्याच विषयांतले कळते, असा आपल्याकडे समज आहे. आणि खरे सांगायचे तर तो समज मोडून काढण्याची घाई प्राध्यापकालाही नसते.

नारळी पौर्णिमा जवळ आली होती. १ जून ते ३१ जुलै ही मासेमारीची बंदी उठली होती. होड्यांना नवे रंग लागले होते. मुलांना विषय दिला होता, 'आमचा समुद्र'. सत्तर-ऐंशी कागद माझ्यापुढे आले. बहुतेकांवर तेच ते: डोंगरामागून उगवणारा सूर्य, दोन नारळाची झाडे, शिडाची होडी. वेसाव्याला सूर्य समुद्रात मावळतो, डोंगरामागून उगवत नाही, हे त्या मुलांनाही ठाऊक होते आणि मलाही. पण त्या चित्रांना मी गुण दिले.

एक कागद निराळा होता. सहावीतल्या एका मुलीचा. कागदभर एकच भले मोठे पापलेट, आणि तेही लालभडक! मागे सगळे पिवळे. वर कोपऱ्यात करंगळीएवढी होडी. होडीशेजारी डोक्यावर टोपली घेतलेली बाई, होडीहून उंच. जाळे मात्र वरून पाहिल्यासारखे, सारवलेल्या अंगणावर सुतळी पसरावी तसे. आणि त्या पापलेटाच्या पोटात पिवळ्या ठिपक्यांची गाबोळी स्पष्ट दिसत होती.

मी पेन्सिल उचलली आणि कागदाच्या मागे तीन चुका लिहिल्या. एक, मासा होडीपेक्षा मोठा नसतो. दोन, पोटातली गाबोळी बाहेरून दिसत नाही. तीन, पापलेट लाल नसते. कागद बाजूला गेला. निकालानंतर ती मुलगी माझ्याजवळ आली आणि एवढेच म्हणाली, "सर, पण गाबोळी होती हो आत. आईने मला दाखवली होती." मी हसलो आणि म्हणालो, "हो, पण चित्रात ती दाखवायची नसते." का दाखवायची नसते, हे तिने विचारले नाही. विचारले असते तर मला सांगता आले नसते.

तो न विचारलेला प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. म्हणून मी थोडे वाचले, थोडी चित्रे पाहिली, जाणत्यांना विचारले. त्यातून जे हाती लागले ते आज आपल्यापुढे ठेवतो. नव्या पद्धतीची चित्रे पाहून 'हे काय पोरासोरांनी काढल्यासारखे!' असे पुष्कळांना वाटते. मलाही वाटत असे. ती चित्रे तशी का असतात, हे माझ्या तीन शेऱ्यांच्याच क्रमाने पाहू या.

पहिला शेरा आकाराचा. क्षणभर डोळे मिटा. काळसर निळे, खोल पाणी आहे. मध्यभागी एक मोठा सोनेरी मासा स्थिर उभा आहे, देवघरातल्या समईसारखा उजळलेला. आणि चारी कोपऱ्यांकडे छोट्या तांबड्या-जांभळ्या मासोळ्या त्याच्यापासून दूर पळताहेत. बस्स, एवढेच चित्र. पाऊल क्ले नावाच्या चित्रकाराने ते १९२५ साली काढले. त्याचे नाव 'सोनेरी मासा'. ते जर्मनीत हँबुर्गच्या संग्रहालयात आहे. क्लेचा जन्म १८७९ साली स्वित्झर्लंडमध्ये, बर्न शहराजवळ झाला. जर्मनीतल्या बाउहाउस नावाच्या प्रसिद्ध कलाशाळेत तो १९२१ ते १९३१ पर्यंत शिक्षक होता. आणि हा माणूस आपल्याला अगदीच परका नाही बरे का. १९२२ च्या डिसेंबरात बाउहाउसच्या चित्रकारांचे प्रदर्शन कलकत्त्याला भरले, तेव्हा क्लेची चित्रेही तेथे लागली होती.

आता या चित्रातला मोठा मासा मोठा का? तो जवळ आहे म्हणून नव्हे. तो महत्त्वाचा आहे म्हणून. ही रीत आपल्या घरातलीच आहे. विठोबाच्या तसबिरीत विठोबा केवढा असतो आणि पायाशी बसलेले भक्त केवढे असतात? डहाणू-तलासरीकडच्या वारली घरांत लग्नाच्या वेळी भिंतीवर चौक लिहितात. त्यात पालघट देवी मध्यभागी आणि मोठी, भोवतालची झाडे, माणसे, जनावरे लहान. कुणी विचारत नाही की देवी झाडापेक्षा मोठी कशी. दूरचे लहान आणि जवळचे मोठे, हा डोळ्याचा हिशेब झाला. मोलाचे मोठे आणि बाकीचे लहान, हा मनाचा हिशेब. कॅमेरा पहिला हिशेब बिनचूक मांडतो. कॅमेरा आल्यावर चित्रकारांनी दुसऱ्या हिशेबाकडे अधिक लक्ष दिले, तर त्यात नवल ते काय? कोळ्याच्या घरात मासा होडीहून मोठाच. होडीचे कर्ज त्याच्यावर फिटते, मुलांची फी त्याच्यावर भरते. त्या मुलीने हिशेब चुकवला नव्हता. मी दुसऱ्याच हिशेबाने तो तपासला होता.

दुसरा शेरा गाबोळीचा आणि जाळ्याचा. फ्रान्समध्ये ल्युके नावाच्या एका अभ्यासकाने १९२७ साली मुलांच्या चित्रांवर पुस्तक लिहिले. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की, एका वयापर्यंत मूल दिसते ते काढत नाही, ठाऊक असते ते काढते. घर काढले तर भिंतीआड बसलेली आजीही दाखवते. टेबल काढले तर चारी पाय दाखवते. ही चूक नव्हे, ही विचार करण्याची एक पायरी आहे.

आणि फक्त मुलेच असे करतात असेही नाही. मिसर देशात नेबामुन नावाच्या एका अधिकाऱ्याच्या थडग्यात सुमारे ३४०० वर्षांपूर्वी भिंतीवर एक बाग रंगवली होती. तो तुकडा आज लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्ये आहे. बागेतले तळे अगदी वरून पाहिल्यासारखे चौकोनी आहे; पण त्यातले मासे आणि बदके बाजूने पाहिल्यासारखी आहेत. का? कारण तळ्याचा चौकोन वरूनच कळतो आणि मासा बाजूनेच ओळखू येतो. ज्या बाजूने जी वस्तू नीट समजते त्या बाजूने ती काढली. वेसाव्याच्या मुलीने जाळे वरून आणि मासा बाजूने काढला, तो याच न्यायाने.

फ्रेंच चित्रकार आंरी मातिस याने १९१२ साली असेच एक चित्र केले. काचेच्या उभ्या बरणीत लाल-केशरी मासे आहेत. काचेतून ते बाजूने दिसतात, आणि पाण्याच्या पृष्ठभागावर त्यांचेच केशरी तुकडे वरून पाहिल्यासारखे दिसतात. एकाच चित्रात पाहणारा दोन ठिकाणी उभा आहे. हे चित्र मॉस्कोच्या पुश्किन संग्रहालयात आहे. पण त्यासाठी मॉस्कोला जायला नको. आपल्याकडे डहाणूजवळच्या गंजाड गावचे जिव्या सोमा म्हसे यांनी वारली चित्रांत मासेमारीचे जाळे रंगवले. पांढऱ्या रेषेचा एकेक बारीक धागा, आणि जाळे सगळ्या पटावर पसरलेले. वारली चित्रे पूर्वी लग्नघरच्या सुवासिनी लिहीत. १९७० नंतरच्या काळात भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नाने ती कागदावर आणि जगापुढे आली. म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते वारले. आमच्या उपनगरांतही, गोरेगावची आरे वसाहत काय किंवा बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान काय, तेथे वारल्यांचे पाडे आहेत. उंच इमारतींपासून ते काही फार दूर नाहीत.

तिसरा शेरा रंगाचा. येथे मी सर्वांत अधिक चुकलो, म्हणून येथे जरा थांबतो.

पापलेट लाल नसते, कबूल. मग त्याचा रंग कोणता? तुम्ही म्हणाल, चंदेरी. २०२३ साली महाराष्ट्र शासनाने राज्यमासा म्हणून जे जाहीर केले तेही चंदेरी पापलेटच. पण चंदेरी हा रंग आहे काय? माशाच्या कातडीत ग्वानिन नावाच्या द्रव्याचे अतिसूक्ष्म स्फटिक थरांनी बसलेले असतात. त्यांवरून उजेड परततो, आरशावरून परततो तसा. पाण्यात मासा भोवतालच्या पाण्यासारखा दिसतो आणि शत्रूच्या नजरेतून सुटतो, तो या आरशामुळे. म्हणजे ज्याला आपण माशाचा खरा रंग म्हणतो तो पुष्कळसा भोवतालचा उजेड असतो. तेच पापलेट पहाटे बंदरावर निळसर दिसते, बाजारात लाल ताडपत्रीखाली तांबूस दिसते, आणि घरी दिव्याखाली पिवळट. आता बोला, कोणता रंग खरा?

दुसरी गोष्ट अशी की, रंग कधी एकटा राहत नाही. शेजार बदलला की त्याचा स्वभाव बदलतो. पॅरिसमध्ये गोबलँ नावाचा गालिच्यांसारखे चित्रपट विणण्याचा सरकारी कारखाना आहे. तेथल्या रंगखात्याचा प्रमुख शेव्हरल नावाचा रसायनशास्त्रज्ञ होता. विणकर तक्रार करीत की काळा धागा काळा दिसत नाही, फिका पडतो. त्याने रंग तपासला, तर रंगात खोट नव्हती. खोट शेजारात होती. निळ्या-जांभळ्या धाग्यांच्या जवळ तो काळा निस्तेज दिसे. या विषयावर त्याने १८३९ साली मोठा ग्रंथ लिहिला आणि पुढे चित्रकारांनी तो आवडीने अभ्यासला. आपल्या बायकांना हे ग्रंथाशिवाय कळते. हिरव्या लुगड्याला लाल काठ का उठून दिसतो, हे येवल्याच्या विणकराला कुणी शिकवावे लागले नाही.

शिक्षकांनी वर्गात एक प्रयोग करून पाहावा. पतंगाच्या केशरी कागदाचे दोन सारखे मासे कापा. एक पिवळ्या कागदावर ठेवा, दुसरा गडद निळ्यावर. पिवळ्यावरचा मासा पेंगतो, निळ्यावरचा उडी मारतो. मासा तोच, कागद तोच. क्लेने सोनेरी मासा काळ्या-निळ्या पाण्यात का ठेवला याचे उत्तर मुले स्वतःच देतील.

मराठी मुलखात रंगाचे हे बळ माशांच्याच संदर्भात ज्यांनी ओळखले त्यांचे नाव बी. प्रभा. नागपूरजवळच्या बेला गावी १९३३ साली त्यांचा जन्म झाला. आधी नागपूर आणि मग मुंबईचे सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट येथे त्या शिकल्या. त्यांचे पती बी. विठ्ठल हे शिल्पकार. विदर्भातली ही मुलगी मुंबईला आली आणि तिच्या चित्रांत वर्षानुवर्षे कोळिणी येत राहिल्या. उंच, सडपातळ, लांब मानेच्या, फार न बोलणाऱ्या. डोक्यावर किंवा पुढ्यात टोपली, टोपलीत मासे. पुष्कळ चित्रांत एकच रंग सगळे राज्य करतो, कधी निळा, कधी पिवळा, कधी लाल. मागे बाजार नाही, इमारत नाही, गर्दी नाही. मासेही मोजकेच, दोन-चार रेषांचे. पण त्या रिकाम्या रंगापुढे उभी असलेली बाई पाहिली की तिची पहाटेची पायपीट आणि माल खपेपर्यंतची वाट पाहणे आपल्याला जाणवते. तपशील गाळला म्हणून ते जाणवते. सगळेच दाखवले असते तर आपण बाजार पाहिला असता, बाई पाहिली नसती.

१९५६ साली एअर इंडियाने त्यांची सहा चित्रे विकत घेतली, प्रत्येकी साडेसत्त्याऐंशी रुपयांना. एअर इंडियाच्या पुढे नावाजलेल्या चित्रसंग्रहाची ती सुरुवात मानतात. २०२३ साली या संग्रहातल्या हजारो कलाकृती केंद्र सरकारच्या सांस्कृतिक मंत्रालयाकडे सोपवण्याचे ठरले. बी. प्रभा २००१ साली वारल्या.

आणि रंगाबद्दल आपण खेड्यातल्या माणसांनी तर शंकाच घेऊ नये. पोळ्याला आपण बैलाची शिंगे रंगवतो, अंगावर गेरूचे ठसे उमटवतो. त्या दिवशी कुणी म्हणतो का, की बैलाची शिंगे अशी लाल नसतात? वर्षभर राबलेल्या जनावराचा तो मान असतो. त्या मुलीने पापलेटाला लाल रंग दिला, तो याच भावनेने दिला नसेल कशावरून? दोन महिने बंदीत गेले होते. पहिल्या फेरीचे पापलेट घरी आले होते. तिचाही तो पोळाच होता.

येथे एखादे शिक्षकबंधू विचारतील, "मग काय, प्रत्येक पोर पाऊल क्ले? शिकवायचेच नाही का काही?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर नीट दिले पाहिजे.

साध्या, भाबड्या वाटणाऱ्या चित्रांचे दोन झरे आहेत. काही चित्रकारांना शाळाच मिळाली नाही. पॅरिसचा आंरी रूसो (१८४४–१९१०) जकात नाक्यावर नोकरी करी. आपल्या मुंबईत कृष्णाजी हौळाजी आरा (१९१४–१९८५) लहानपणी हैदराबादकडून आले, घरकाम केले, मोटारी पुसल्या आणि त्यातून चित्रकार झाले. १९४७ साली मुंबईत जो प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप निघाला, त्याच्या संस्थापकांत सूझा, रझा, हुसेन, गाडे, बाकरे यांच्याबरोबर आरा होते. फुलदाण्या, फळे, मडकी यांची त्यांची ठसठशीत रंगांतली चित्रे आजही लोक प्रेमाने पाहतात.

दुसरा झरा शिकलेल्यांचा. क्ले, मातिस, बी. प्रभा हे सर्व रीतसर शिकलेले. हुबेहूब काढता येत असून त्यांनी ते बाजूला ठेवले. क्लेची गोष्ट तर ऐकण्याजोगी आहे. विशीत असताना आईवडिलांच्या घरी त्याला आपली लहानपणची चित्रे सापडली. आपण आजवर केलेल्या कामात हीच महत्त्वाची आहेत, असे त्याला वाटले; आणि पुढे आपल्या चित्रांची यादी करताना त्यातली निवडक चित्रे त्याने त्या यादीत घातली. मुलाला हे सहज येते आणि सहज जाते. चित्रकार ते जाणून-बुजून निवडतो. कोणती रेघ ठेवायची आणि कोणती पुसायची हे त्याला ठाऊक असते. जात्यावरची बाई ओवी म्हणते आणि शिकलेला कवी ओवी लिहितो, त्यांत जो फरक तोच येथे. पण कवी ओवीकडे वळतो तो तिचे मोल ओळखून, तिच्या चुका काढायला नव्हे.

ही चित्रे हसण्यावारी नेल्याने काय होते तेही सांगतो. १९३७ साली जर्मनीत नाझी सत्ताधाऱ्यांनी म्यूनिक शहरी 'भ्रष्ट कला' या नावाचे प्रदर्शन भरवले. नव्या चित्रकारांची थट्टा व्हावी म्हणून त्यांची चित्रे टांगली आणि शेजारी हिणवणारे मजकूर लिहिले. त्यात क्लेची सतरा चित्रे होती. त्याच्या आधीच, १९३३ साली, त्याची शिक्षकाची नोकरी गेली होती आणि तो देश सोडून गेला होता. माझी पेन्सिल आणि ती राजवट यांची बरोबरी मी करीत नाही. पण 'जसे आम्ही पाहतो तसेच सर्वांनी पाहावे' हा हट्ट दोन्हींकडे होता, हे मात्र मला कबूल केले पाहिजे.

म्हणून शिक्षकांना विनंती आहे. चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट परीक्षांना मुलांना जरूर बसवा. स्थिरचित्रात मडक्याचा काठ गोल कसा दिसतो, सावली कोणीकडे पडते, हे शिकवाच. ती शिस्त उपयोगाची आहे. पण स्मरणचित्र पाहताना पेन्सिल उचलण्यापूर्वी मुलाला एक प्रश्न विचारा, "हे असे का काढलेस बाळ?" उत्तर ऐकून मग गुण द्या. माझ्याकडून तेवढेच राहून गेले.

गेल्या वर्षी मी मुद्दाम त्या शाळेत पुन्हा गेलो. मुलीला सांगायचे होते की तुझे चित्र चांगले होते, चुकलो तो मी. ती आता सातवीत होती. मला पाहून ती वर्गात गेली आणि नवे चित्र घेऊन आली. कागदावर मध्यम आकाराचे, राखी रंगाचे, अगदी प्रमाणात काढलेले पापलेट होते. पोट बंद. होडी मोठी, मासा लहान. मागे डोंगर आणि उगवता सूर्य. "सर, आता बरोबर आहे ना?" तिने विचारले.

मी तिला जे सांगायला गेलो होतो ते सांगितले. पहिले चित्र कुठे आहे म्हणून विचारले, तर ते रद्दीत गेले होते. मग आम्ही दोघे शाळेच्या पायरीवर बसलो आणि तिने मला शिकवले की दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ते बांबूवर वाळत कसे घालतात. मी म्हणालो, हे काढ. तिने विचारले, "कोणत्या रंगात काढू?"

मी म्हटले, "ते तू ठरव." ती बराच वेळ रंगांच्या पेटीकडे पाहत राहिली. घंटा झाली तेव्हा कागद अजून कोराच होता.